लम्पीची गाठ आणि शुद्धलेखनाची वही



शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना एक गोष्ट आपण सगळ्यांनीच पाहिली असेल. दोन मुलांनी नेमकी तीच ओळ गाळलेली असते. कोणी कोणाचं पाहून लिहिलं, ते लगेच लक्षात येतं. तिसऱ्या वहीत तीच ओळ गाळलेली आणि वर एक नवी चूक दिसली, की नक्कल पुढे कुठे गेली याचाही अंदाज येतो.

लम्पी चर्मरोगाचा माग शास्त्रज्ञ असाच काढतात. या विषाणूची जनुकीय माहिती म्हणजे जणू दीड लाख अक्षरांचा मजकूर. त्याच्या नकला होताना मधूनच एखादं अक्षर बदलतं. गावोगावच्या नमुन्यांतले हे बदल ताडून पाहिले, की साथीची वंशावळ मांडता येते.

भारतात लम्पी २०१९ मध्ये ओडिशात आढळला. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातली पहिली नोंद आपल्याच जळगाव जिल्ह्यातली. ४ ऑगस्ट, चिनावल, तालुका रावेर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने महाराष्ट्रासह चार राज्यांतले त्या साथीचे नमुने तपासले. त्यांत विषाणूचे दोन प्रकार निघाले. एक २०१९ च्या विषाणूजवळचा. दुसऱ्यात १,८०० हून अधिक बदल, आणि तो २०१५ च्या रशियातल्या विषाणूशी जुळणारा! म्हणजे सगळी साथ जुन्याच वहीची नक्कल नव्हती. लस लागू पडेल का, हे ठरवायला अशी माहिती लागते.

पण प्रयोगशाळा वाचणार तेच, जे तिच्यापर्यंत पोहोचेल. अंगावर गाठी दिसल्या तरी आपण गप्प बसतो. बाजार बंद होईल, दूध कोणी घेणार नाही, ही भीती खरी आहे. पोटाचाच प्रश्न आहे. तरी मला वाटतं, लपवलेलं जनावर म्हणजे वहीतलं फाडलेलं पान. माग तिथेच तुटतो आणि माश्या-डास-गोचिडांमार्फत रोग शेजारच्या गोठ्यात जातो. २००९ च्या कायद्याने माहिती देणं बंधनकारकही आहे.

गोठ्यातली गाठ बरेचदा आधी मुलांनाच दिसते. म्हणून वर्गात एवढं सांगूया: गाठ दिसली की घरी सांगा, जनावर वेगळं बांधा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यावं. आणि पालकहो, पोरगं सांगत आलं तर "गप बस" म्हणू नका.