हास्यवायू आणि १९९२ चा अर्धा निर्णय

१/ भारतीय शेतीतून हवेत जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा विषय निघाला की ‘शेतकरी युरिया बेसुमार टाकतो’ असा निवाडा देऊन चर्चा संपते. इतिहासाच्या कसोटीवर हा निवाडा टिकत नाही. #थ्रेड

२/ नायट्रस ऑक्साइड म्हणजेच हास्यवायू. शंभर वर्षांच्या हिशोबात त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट. पिकाने न उचललेल्या नत्रावर मातीतील जिवाणू काम करतात, तेव्हा तो सुटतो. नत्र जितके शिल्लक, तितका वायू अधिक.

३/ मुळात नत्राची कास धरणे ही चूक नव्हती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने लाखो बळी घेतले. त्याच पार्श्वभूमीवर सिंद्रीच्या खत कारखान्याची योजना आकाराला आली आणि १९५१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले.

४/ पुढे १९६५-६६ चे अवर्षण आले आणि देश अमेरिकी गव्हावर विसंबला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले गेले. उंच देशी गहू जादा नत्राने लोळत असे. हा बुटका गहू ताठ उभा राही. भुकेवरचा तो उपाय होता.

५/ खरे वळण ऑगस्ट १९९२ चे. स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, त्यांचे भाव कडाडले. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला. उलट त्याची किंमत दहा टक्क्यांनी उतरवली गेली.

६/ परिणाम वर्षभरातच दिसला. १९९१-९२ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९:२.४:१ होते, १९९२-९३ मध्ये ते ९.५:३.२:१ झाले. आदर्श मानले जाते ४:२:१. शेतकऱ्याने जे परवडले ते टाकले.

७/ २०१० च्या पोषणाधारित अनुदान योजनेतूनही युरिया वगळला गेला. २०१५ मध्ये कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. त्याने मातीत नत्राचे रूपांतर मंदावते, हे खरे. पण भावातील दरी तशीच राहिली.

८/ म्हणून हवामानाच्या नावाने युरिया एकाएकी महाग करणे हा अल्पभूधारकावर अन्याय ठरेल. अनुदान न घटवता ते तिन्ही पोषकद्रव्यांत न्याय्य रीतीने वाटावे. १९९२ मध्ये जो निर्णय अर्ध्यावर सोडला, तो पुरा करण्याची जबाबदारी शासनाची आहे; त्याचा दंड शेतकऱ्याने का भरावा?