विचार कोणता, इशारा कोणता?

कामाच्या ताणावर ‘सजगता’ (माइंडफुलनेस) हा उपाय सांगितला की शहाड-उल्हासनगरच्या कामगाराला राग येणे स्वाभाविक आहे. पाळी तीच, ठेकेदार तोच, बदलायचे ते फक्त कामगाराने, असाच त्याचा अर्थ बहुतेकदा निघतो. या रागाला पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या 233 संस्थांतील 46,336 कर्मचाऱ्यांच्या माहितीवर संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सजगतेचे वर्ग, ॲप, ताण हाताळण्याचे प्रशिक्षण अशा उपायांत भाग घेतलेल्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी आढळली नाही. तरीही सजगता टाकाऊ आहे असे मला वाटत नाही. ती कामगाराला गप्प करण्यासाठी वापरली जाते, दुखणे तिथे आहे.

जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी सजगतेची ही पद्धत बसवली, तेव्हा विचार बंद पाडणे हा हेतूच नव्हता. ‘उद्या मला काढून टाकणार’ असे मनात आले, तर आधी हा एक विचार आहे एवढे ओळखायचे, छातीतली धडधड जाणवून घ्यायची आणि मग काय करायचे ते ठरवायचे. 2014 मध्ये 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. ध्यानाने चिंता आणि नैराश्य काही प्रमाणात कमी होते असे त्यात दिसले. व्यायाम वा औषधांपेक्षा ते सरस ठरल्याचे मात्र दिसले नाही. दावा एवढाच करावा.

पण शहाडमध्ये प्रत्येक भीतीला ‘नुसता विचार’ म्हणता येणार नाही. सप्टेंबर 2023 मध्ये इथल्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. व्हिस्कोस रेयॉनसाठी लागणारा कार्बन डायसल्फाइड विषारी आहे आणि चटकन पेट घेतो. अशा ठिकाणी ‘वास येतोय, कुठेतरी गळती असावी’ आणि ‘साहेब आज बोलले नाहीत, माझे काही खरे नाही’ या दोन्हींनी छाती सारखीच धडधडते. शरीराला त्यातला फरक कळत नाही. क्षणभर थांबून पाहणाऱ्याला तो कळू शकतो. पहिली गोष्ट ताबडतोब सांगायची आणि लेखी नोंदवायची असते, दुसरी डोक्यात घोळवत बसायची नसते. सजगतेचा खरा उपयोग या निवडीत आहे, आणि तो तक्रार दाबणारा नाही, तिला धार देणारा आहे.

‘हे चोचले आम्हाला परवडणार कसे?’ हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शहाडवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच, कसाऱ्याच्या पुढे, इगतपुरीला 1976 पासून धम्मगिरी हे ध्यानकेंद्र आहे. तिथले दहा दिवसांचे विपश्यना शिबिर विनामूल्य असते, पण उल्हासनगरात नगावर जीन्स शिवणाऱ्याची दहा दिवसांची मजुरी बुडते, ती कोण भरणार? म्हणून हा सराव पाळीच्या आत, पगारी वेळेत व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही वैयक्तिक उपायांबरोबर कामाच्या परिस्थितीत बदल सुचवलेले आहेत. व्यवस्थापनाने ध्यानाचा प्रशिक्षक आणला, तर युनियनने त्याला विरोध करू नये. त्याच आठवड्यात सुरक्षा समितीची बैठक आणि तक्रारींची नोंदवही मात्र मागून घ्यावी.