विणकाम खात्याचे दार

आपल्या विद्यालयाच्या महोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, यासाठी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांची बैठक झाली. पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत संगणक क्षेत्रात नोकरी करणारे आपले विद्यार्थी मोठ्या तळमळीने बोलले. वसतिगृहाच्या पूर्वेकडील दोन खोल्या एक करून तेथे 'कृत्रिम बुद्धिमत्ता कक्ष' उभारावा, एका खासगी कंपनीचा तयार अभ्यासक्रम विकत घ्यावा आणि दहावीच्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती सहा आठवड्यांत प्रमाणपत्र द्यावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. टाळ्या पडल्या. मागील रांगेत एक पालक बसले होते. ते तालुक्याच्या एका कार्यालयात कंत्राटी पद्धतीने डेटा एंट्रीचे काम करतात. त्यांनी उभे राहून एवढेच विचारले, "सर, माझंच काम आता मशीन करणार म्हणतात. मग पोरानं काय शिकायचं?" त्या दिवशी त्यांना कुणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. स्मरणिका समितीने लेख मागितला, तेव्हा ते राहून गेलेले उत्तर आधी द्यावे असे वाटले.

आमचे संगणकाचे ज्ञान बेताचेच आहे. आम्ही इतिहास शिकलो आणि इतिहासच शिकविला. त्यामुळे यंत्राचा विषय निघाला की आमचे मन प्रथम मुंबईच्या गिरण्यांकडे जाते. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी तेथे आयुष्ये घालविली. परंतु ते कोणत्या खात्यात होते, हे घरात क्वचितच सांगितले गेले. सूतकताईच्या खात्यात त्यांना प्रवेश होता, विणकाम खात्यात नव्हता. साच्यावर काम करताना धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालावी लागे आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांनी तोंडाला कसा लावायचा, हा आक्षेप होता. तो घेणारे बहुतांशी शेजारी उभे असलेले, तितकेच गरीब सवर्ण कामगार होते, आणि मालकांनी तो निमूटपणे चालू दिला. अधिक मजुरी मात्र नेमकी त्याच विणकाम खात्यात होती.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनाही त्या बंद दाराची आठवण करून द्यावी लागली. लँकेशायरहून आलेल्या साच्याला जात ठाऊक नव्हती. जात येथलीच होती आणि ती धोट्याच्या छिद्रापाशी येऊन बसली. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हीच गोष्ट रेल्वेविषयी दाखवून दिली. आपला माणूस गँगमन म्हणून आयुष्यभर रूळ सांभाळतो. पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तरला पोर्टरकडून घरकामही करून घ्यावयाचे असते. कारखान्यातील मेकॅनिकच्या जागाही त्याला क्वचितच मिळत.

असे असूनही बाबासाहेबांनी यंत्राला कधी शाप दिला नाही, हे आवर्जून लक्षात ठेवले पाहिजे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी चरख्याकडे परतण्याच्या विचाराचा समाचार घेतला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. यंत्रापासून दुःख निर्माण होत असेल, तर दोष यंत्राचा नसून ज्या समाजरचनेत ते चालते तिचा आहे, असे ते मांडतात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना तांत्रिक शिक्षणाचा आणि परदेशी शिष्यवृत्त्यांचा त्यांनी जो आग्रह धरला, त्यामागे हीच दृष्टी होती. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता आली म्हणून हाय खाणाऱ्यांत आम्ही नाही. आमची शंका दाराविषयी आहे.

आता आपल्या शिडीकडे पाहू. स्वातंत्र्यानंतर आपल्या समाजातील मध्यमवर्ग उभा राहिला तो मुख्यतः सरकारी कार्यालयांतील तृतीय श्रेणीच्या टेबलावर. त्या टेबलापर्यंत नेणारे कौशल्य म्हणजे टंकलेखन. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द. पहाटे टायपिंगच्या क्लासला जाऊन, बोटे सुजवून ज्यांनी ही परीक्षा दिली, त्यांच्या त्या प्रमाणपत्रावर अख्ख्या कुटुंबाने गाव सोडले. २००१ पासून एमएस-सीआयटी आली. तिची फी भरण्यासाठी आईने कानांतले मोडल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत. त्यानंतर भरतीच आटली, कंत्राट आले, आणि कंत्राटात आरक्षणाची खात्री राहिली नाही. आणि आता, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाल्यापासून, कार्यालयीन पत्र लिहिणे, मसुदा करणे, सारांश काढणे, तक्ता भरणे ही कामे यंत्र काही क्षणांत करू लागले आहे. जे कौशल्य मिळविण्यास आपल्या दोन पिढ्या लागल्या, त्याची किंमत आपल्या हाती येताच उतरली.

येथे एक विसंगती मनास बोचते. मैला साफ करणाऱ्या माणसाला गटारात उतरविण्यास कायद्याने बंदी आहे. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. केरळमधील तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव काही वर्षांपूर्वीच बनविला आहे. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. तरीही गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. यंत्र सगळीकडे पसरले ते कारकुनाच्या टेबलावर. मॅनहोलपाशी ते अजून क्वचितच दिसते. कोणाचे श्रम वाचवायचे, हे यंत्र ठरवीत नाही.

नोकऱ्या जाणार की वाढणार, यावर पुष्कळ आकडे फेकले जातात. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालाने २०३० पर्यंत जगभर १७ कोटी नव्या नोकऱ्या येतील आणि ९ कोटी २० लाख नाहीशा होतील असा अंदाज दिला आहे. बेरीज दिलासा देणारी आहे. पण ज्याची नोकरी गेली त्यालाच नवी मिळेल, असे त्या बेरजेत कोठेही लिहिलेले नाही. आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटला तो स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील पगारपत्रकांवरून मांडलेला निष्कर्ष. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वाधिक स्पर्श झालेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घटला. अनुभवी माणसांचा मात्र टिकून राहिला. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. आणि त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. तेव्हा अमेरिकेचे चित्र जसेच्या तसे येथे उमटेल, असे आम्ही म्हणत नाही. पण शिडीची पहिली पायरी काढून घेतली, तर हानी कोणाची होते? ज्याचा मामा कंपनीत आहे, तो दुसऱ्या पायरीवर थेट पाय ठेवतो. ज्याच्या घराण्यात तोच पहिला पदवीधर आहे, त्याला पहिलीच पायरी लागते.

त्यात नव्या कामांचे क्षेत्र जवळजवळ संपूर्ण खासगी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) चे संरक्षण शासकीय सेवेपुरते आहे. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आपल्या चळवळीने अनेक वर्षे केली. हल्ली ती जयंतीच्या भाषणापुरती उरली आहे. ती पुन्हा गांभीर्याने उचलण्याची वेळ हीच आहे.

आणि यंत्र खरोखरच जातीबाबत अजाण आहे का? २०२५ साली प्रसिद्ध झालेली एक हकीकत आमच्या मनातून जात नाही. एका दलित संशोधकाने शिष्यवृत्तीच्या अर्जाची इंग्रजी भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटीची मदत घेतली. भाषा सुधारली, आणि सोबत त्यांचे आडनावही बदलून 'शर्मा' झाले. यंत्राने ते कुणाच्या सांगण्यावरून केले नाही. जगातील लिखाण वाचून ते शिकले, आणि त्या लिखाणात विद्वानाचे आडनाव कसे असते, हेही तेथेच शिकले. आडनाव विचारून मग बसावयास सांगणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. पूर्वी अमेरिकेत अॅमेझॉनने अर्ज छाननीसाठी बनविलेले यंत्र स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखते असे आढळल्याने ते सोडून दिले होते. तेथे निदान कोणीतरी तपासून पाहिले. जातीच्या अंगाने तपासून पाहणारी माणसे कोठून येणार? ती आपल्याच शाळांतून यावी लागतील.

म्हणून 'डिजिटल कौशल्य' हा शब्द ऐकला की आम्ही विचारतो, कोणत्या खात्याचे? छायाचित्रांवर चौकटी आखून ही गाय, ही मोटार असे यंत्राला शिकविणे. ध्वनिफिती ऐकून मजकूर लिहून काढणे. तयार साधनाला प्रश्न विचारून उत्तर चिकटविणे, ही कामे प्रामाणिक आहेत आणि पोटाला आधार देतात, त्यांची हेटाळणी आम्ही करणार नाही. पण हे सूतकताईचे खाते आहे. यंत्राने काय शिकावे, कोणत्या माहितीवरून शिकावे, चुकले तर कोणी जबाबदार धरले जावे, हे जेथे ठरते ते विणकाम खाते. त्याच्या दारात आज कोणी धोटा आडवा धरीत नाही. तेथे गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी वाचन आणि उच्च शिक्षणाची फी उभी आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडेच संगणक आढळला. ग्रामीण भागात तर ४.४ टक्के. नंतर घरोघर मोबाइल आले, हे खरे. परंतु मोबाइलवर पाहता येते, तेवढे घडविता येत नाही.

गेल्या वर्षी नववीतील एका मुलाने महाडविषयी निबंध आणून दिला. मराठी निर्दोष, परिच्छेद बांधेसूद. त्यात चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीचे दहन एकाच दिवशी झाल्याचे लिहिले होते. एक २० मार्च १९२७ ला, दुसरे २५ डिसेंबरला. मधल्या नऊ महिन्यांत काय काय घडले, हेच तर शिकवायचे असते. मुलाने प्रांजळपणे मोबाइलकडे बोट दाखविले. आम्ही रागावलो नाही. त्याला कालाम सुत्त समजावून सांगितले. ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आदरणीय गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, हे बुद्धांनी कालामांना सांगितले होते. मग त्याला ग्रंथालयात बसवून दोन पुस्तकांतून तारखा शोधावयास लावल्या. त्याने शोधल्या, आणि तिसऱ्या दिवशी येऊन आमच्याच टिपणातील एक चूक दाखविली. हे सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बसत नाही.

आता निधीविषयी. आपल्याकडे इयत्ता आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी आहे आणि विज्ञानाचे शिक्षकच ते तास कसेबसे उरकतात. हे लिहिताना संकोच वाटतो. पण स्मरणिका ही केवळ गौरवासाठी नसते. त्या खासगी अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्क एका निवासी गणित शिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनाहून थोडे अधिकच आहे. प्रस्ताव मांडणाऱ्या आपल्या एका विद्यार्थिनीने आम्हांस दूरध्वनीवर सांगितले, "सर, मी कॉलेजात पहिल्यांदा संगणकाला हात लावला तेव्हा हात थरथरत होता. आपल्या मुलांचं तसं व्हायला नको." तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आणि त्यापुढे आमचा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो, हे कबूल केले पाहिजे. म्हणून संगणक घ्यावेत, दहा पुरेत. ते कुलुपात न ठेवता रात्रीच्या अभ्यासिकेत दहा वाजेपर्यंत मुलामुलींना खुले असावेत, मुलींच्या वसतिगृहात वेगळे. प्रमाणपत्र विकत घेऊ नये. त्या पैशांतून गणिताचा शिक्षक नेमावा. आणि संगणक क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने महिन्यातून एक रविवार येथे येऊन, आपण प्रत्यक्ष काय काम करतो ते मुलांना शेजारी बसवून दाखवावे. त्यांच्या देणगीपेक्षा त्यांच्या त्या चार तासांची आम्हांस अधिक गरज आहे.

त्या पालकांचा मुलगा या वर्षी आठवीत आहे. भूमितीत बरा आहे, अपूर्णांकांत अडखळतो. दहावीपर्यंत त्याच्याकडे तीन वर्षे आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गणित शिक्षकाच्या नेमणुकीचा ठराव आम्ही मांडणार आहोत. सूचक म्हणून आमचे नाव आहे. अनुमोदकाची जागा रिकामी ठेवली आहे.