मोहाचे फूल आणि एका दिवसाचा परवाना

शहापूर-मुरबाडच्या फार्महाउसवर मेजवानी असेल, तर एका दिवसाचा मद्यपरवाना रीतसर मिळतो. पाड्यावरच्या लग्नात देवापुढे धार सोडण्यापुरती घरी गाळलेली मोहाची दारू मात्र गुन्हा ठरते. हा भेद वसाहतकालीन आहे. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर गाळप मक्तेदारांकडे गेले. ठाणे जिल्ह्याला उरणच्या भट्ट्यांतली दारू येऊ लागली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले साठवण्यावरही निर्बंध आणले. (फुलांवर!) हेतू महसुलाचा होता, दारूबंदीचा कायदा १९४९ चा. शहापूर व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ चा पेसा कायदा मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार ग्रामसभेला देऊ पाहतो. मग लग्नापुरता परवाना तिच्याच ठरावावर मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.