जोर विकत मिळतो, ताबा कमवावा लागतो

द्वितीय वर्ष, कला

हत्यार श्रेष्ठ की हात श्रेष्ठ, हा वाद फार जुना आहे. तो तालमीत झाला, सुतारशाळेत झाला, आणि आता आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात पिकलबॉलच्या निमित्ताने होऊ लागला आहे. येत्या वर्षी जिमखान्यासाठी नवी पॅडल घ्यायची आहेत. ती कोणती घ्यावीत यावर कॅन्टीनमध्ये जितका खल होतो तितका परीक्षेच्या वेळापत्रकावरही होत नाही. एक पक्ष म्हणतो, "फोमचीच घ्या, फटका जबरदस्त बसतो." दुसरा म्हणतो, "फोम नकोच, चेंडू हाताबाहेर जातो." माझ्या अल्प मतीप्रमाणे दोन्ही पक्ष फोमला भलताच प्रश्न विचारीत आहेत. पॅडल किती जोर देते हा प्रश्न दुय्यम आहे. आज ते जसे वागले तसेच तीन महिन्यांनी वागेल काय, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

ज्यांनी हा खेळ अद्याप पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. १९६५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या मंडळींनी हा खेळ जुळवला. बॅडमिंटनचे मैदान होते, पण त्याचे साहित्य सापडेना. म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी वेळ भागवली. आजही पिकलबॉलचे मैदान बॅडमिंटनच्या दुहेरीएवढेच, म्हणजे ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. बॅडमिंटनचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत बांधले गेले आणि त्या खेळाला आरंभी 'पूना' हेच नाव होते, हे ध्यानात घेतले तर खेळ परका असला तरी मैदान आपल्या घरचे आहे! भारतात हा खेळ मुंबईच्या सुनील वालावलकरांनी २००७ च्या सुमारास आणला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली. तेव्हा हे चार दिवसांचे फॅड आहे असे म्हणून आता भागणार नाही.

या खेळात जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा एक पट्टा असतो. त्याला खेळाडू 'किचन' म्हणतात. त्या पट्ट्यात उभे राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारता येत नाही. या एका नियमाने सगळा खेळ बदलून टाकला आहे. जाळ्याला चिकटून उभे राहायचे आणि धाडधाड मारीत सुटायचे, ही सोय त्याने काढून घेतली. चेंडू अलगद उचलून समोरच्याच्या किचनमध्ये टाकायचा, तो चुकेपर्यंत धीर धरायचा, आणि चेंडू उंच आला की मगच फटका मारायचा, असा हा खेळ आहे. म्हणून पॅडल निवडताना जोर आणि ताबा यांचा हिशेब मांडावा लागतो.

फोम आणि जोर यांची गाठ महाराष्ट्राने पूर्वी एकदा पाहिलेली आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत मुंबईला टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा भरली होती. आशिया खंडातली ती पहिलीच. त्या काळी बॅटीवर दाणेदार पातळ रबर असे. चेंडू लागला की 'टक्' आवाज येई आणि त्या आवाजावरून प्रतिस्पर्धी फटक्याचा अंदाज बांधत. जपानचा हिरोजी सातो आला तो बॅटीवर जाड स्पंजाचा थर लावून. आवाज गेला, आणि आवाजाबरोबर समोरच्याचा अंदाजही गेला. अमेरिकेचा मार्टी राइसमन हरला, अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोचियान हरला, आणि सातो जगज्जेता झाला. पण पुढे जागतिक एकेरीचे अजिंक्यपद त्याला पुन्हा मिळाले नाही. स्पंज जुना झाला, लोकांना त्याची सवय झाली. १९५४ साली लंडनला विजेता ठरला तोही जपानचाच, इचिरो ओगिमुरा. त्याच्याही हातात स्पंजाचीच बॅट होती. मात्र त्याच्यामागे कठोर सरावाची शिस्त होती, आणि १९५६ साली टोकियोला तो पुन्हा जिंकला. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने उघड्या स्पंजाला मनाई केली आणि रबरासकट थराची जाडी ४ मिलिमीटरवर बांधून टाकली. आश्चर्याचे आयुष्य एका मोसमाचे असते, हे त्या मुंबईच्या स्पर्धेने दाखवून दिले. सरावाचे आयुष्य त्याहून मोठे असते.

आता पॅडलच्या पोटात काय असते ते पाहू. आरंभी ही पॅडल साध्या प्लायवूडची होती. १९८४ च्या सुमारास आर्लेन पॅरान्टो या बोइंग कंपनीतल्या अभियंत्याने विमानात वापरतात तसला पोळेदार पत्रा वापरून हलके पॅडल बनवले. तेव्हापासून बहुतेक पॅडलचा गाभा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, षटकोनी घरांचा असतो. हल्ली तो पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. दोन्ही अंगांना कार्बन फायबरचा किंवा काचतंतूचा पातळ थर असतो. पोळ्याच्या घरांच्या भिंती छोट्या खांबांसारख्या चेंडूचा भार झेलतात. पण हजारो फटक्यांनंतर नेहमीच्या जागेवरचे खांब वाकतात, चिरडतात. मग तेथे चेंडू कधी स्प्रिंगवरून उडाल्यासारखा जातो, तर कधी मेल्यासारखा पडतो. पॅडल वरून जसेच्या तसे दिसते. आतून ते दुसरेच झालेले असते.

फोमच्या गाभ्यात असे खांबच नसतात. फुगवलेल्या प्लॅस्टिकचे दाणे एकत्र दाबून केलेला तो सलग ठोकळा असतो. चेंडू लागला की दबतो आणि परत येतो. चेंडू पृष्ठभागावर क्षणभर अधिक रेंगाळल्यासारखा वाटतो, आणि मधोमध न लागता थोडा कडेला लागला तरी फटका फारसा फसत नाही. आता फोम म्हणजे जोर, हे समीकरण अर्धेच खरे आहे. घट्ट फोम आणि काचतंतूचा पृष्ठभाग असेल तर चेंडू उसळतो. मऊ फोम, १६ मिलिमीटर जाडी आणि खरखरीत कार्बन असेल तर तोच चेंडू सांगितलेले ऐकतो. गाभा १४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ झाला की साधारणपणे जोर वाढतो आणि ताबा उतरतो. तेव्हा 'फोम की पोळे' एवढ्यावर निवड संपत नाही. फोमचा मोठा गुण जोराचा नाही, तो टिकून राहण्याचा आहे. आज अंगठ्याच्या एवढ्याशा हालचालीने चेंडू जिथे पडला, तिथेच तो दिवाळीच्या सुट्टीनंतरही पडावा, याची आशा फोम पुष्कळ अधिक देतो.

वजनाचेही तसेच आहे. आमच्या रिहे खोऱ्यात भाताची खाचरे आहेत. बांध घालायला कुदळ घ्यायची असली की जाणता माणूस तिचे पाते आधी पाहत नाही. तो दांडा एका बोटावर तोलून पाहतो, ती कोणीकडे झुकते ते बघतो. टोकाला जड असलेली कुदळ पहिल्या तासात खोल जाते आणि तिसऱ्या तासाला मनगट मोडते. पॅडलचे काट्यावरचे वजन सामान्यतः २१० ते २४० ग्रॅम असते. पण २२५ ग्रॅमची दोन पॅडल हातात अगदी निराळी लागतात, कारण एकाचे वजन मुठीशी असते आणि दुसऱ्याचे टोकाशी. टोकाशी वजन असले की फटका जड बसतो, पण जाळ्याजवळच्या झटापटीत पॅडल वेळेवर वळत नाही. नियमाप्रमाणे लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि लांबी १७ इंचांच्या वर जाता कामा नये. म्हणजे लांबी वाढवली की रुंदी कमी करावी लागते. लांब पॅडलला पोच आणि जोर मिळतो. १६ बाय ८ इंचांच्या रुंद पॅडलला क्षमा करण्याची वृत्ती मिळते. शिकणाऱ्याला क्षमेची गरज अधिक, हे प्राध्यापक मंडळींना मी सांगायला नको!

येथे एक आक्षेप येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्यासारख्यांच्याच वतीने घेतला जातो. हिंजवडी-माणच्या बाजूला मोठमोठ्या निवासी संकुलांतून पिकलबॉलची मैदाने झाली आहेत. तेथली मुले आठव्या-नवव्या वर्षापासून टेनिस-बॅडमिंटनच्या शिकवणीला जातात. ज्याच्या घरातून महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदाच कोणी चढले, ज्याने रॅकेट अठराव्या वर्षी हातात धरली, त्याने त्यांच्याशी बरोबरी कशाच्या बळावर करायची? निदान पॅडल तरी जोराचे द्या, असे माझे मित्र म्हणतात. हेतू चांगला आहे, पण युक्तिवाद लंगडा आहे. आमच्या हातांना जोराची उणीव कधीच नव्हती. भाताचे भारे डोक्यावरून उतरवणाऱ्या मुलाला फटका कसा मारावा हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याला उणीव आहे ती चेंडू मऊ हाताने टाकायच्या हजारो आवर्तनांची, जी दुसऱ्यांची लहानपणीच झालेली आहेत. जोराचे पॅडल ही उणीव भरून काढीत नाही. उलट प्रत्येक चुकीला ते चार फूट अधिक लांब नेऊन टाकते. उशिरा आलेल्याला ताबा लवकर देणारे पॅडल हवे, आणि रोज त्याच स्वभावाचे हवे, म्हणजे हाताने कालचा धडा आज पुसावा लागणार नाही.

आता पैशांचा प्रश्न. नामांकित परदेशी कंपन्यांची फोमची पॅडल पंधरा-वीस हजार रुपयांच्या घरात जातात. फोमचेच, पण कमी नावाजलेले पॅडल त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते. जिमखान्यात काहींची सूचना अशी की, संघातल्या दोघांसाठी दोन उंची पॅडल घ्यावीत, बाकीच्यांनी जुन्यावर भागवावे. मला हे पटत नाही. जिमखान्याचे पॅडल दिवसाला दहा-वीस हातांतून फिरते. पोळ्याचा गाभा इतक्या हातांत लवकर थकतो, म्हणून सामायिक वापरालाच फोम अधिक शोभतो. त्याच पैशात चार-पाच मध्यम किमतीची, एकाच बनावटीची, १६ मिलिमीटर जाडीची, रुंद आकाराची, २२५ ग्रॅमच्या आसपासची पॅडल घ्यावीत. सर्वांनी एकाच जातीच्या पॅडलवर शिकावे. ज्याला पुढे जोर हवासा वाटेल त्याने पुढे आपले वेगळे निवडावे. स्पर्धेला जायचे तर पॅडल मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही तेही पाहावे लागेल. अमेरिकेतल्या संघटनेने तर २०२४ मध्ये पॅडलची उसळी मोजणारी चाचणीच सुरू केली, कारण जोर विकण्याची चढाओढ तेथे फार पुढे गेली होती.

खरेदीपूर्वी एक परीक्षा मात्र अवश्य घ्यावी. दुकानात किंवा मैदानावर पॅडल हातात आले की आपण सर्वजण प्रथम एक सणसणीत फटका मारून पाहतो, आणि जो आवाज येतो त्यावर भाळतो. त्याऐवजी मागच्या रेषेवरून दहा चेंडू समोरच्या किचनमध्ये टाकून पाहावेत. नंतर जाळ्याजवळ उभे राहून दहा वेगवान चेंडू नुसते अडवून पाहावेत. किती आत पडले, किती उडाले, ते वहीत मांडावे. संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूने हे करावेच, पण आजच शिकू लागलेल्यानेही करावे, आणि त्याच्या आकड्याला अधिक किंमत द्यावी. फटका सर्वांत शेवटी.

नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकली आणि परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. सांगलीत जन्मलेल्या या खेळाडूची ख्याती होती ती फूल हव्या त्या जागी ठेवणाऱ्या मनगटाची. त्यांच्या काळी रॅकेट लाकडी होती. तेव्हा जिमखाना समितीला माझी नम्र विनंती एवढीच की, यादी करताना 'सर्वाधिक जोर' हा रकाना शेवटी ठेवावा. पहिल्या रकान्यात लिहावे: हे पॅडल वर्षभर एकाच स्वभावाने वागेल काय, आणि ते किती जणांच्या हातात जाईल? या दोन प्रश्नांची उत्तरे बरोबर आली, तर जोराचे आपण आपले पाहून घेऊ.