फुटाचा दर आणि खडकाची वही

उन्हाळा तापू लागला की भिंगारपासून पाथर्डी रस्त्याने पुढे आणि नगरच्या चहूबाजूंना, नव्या प्लॉटांत आणि फळबागांत, बोअरच्या गाड्या उभ्या दिसू लागतात. एक गाडी यंत्राची, दुसरी पाइपांची. कॉम्प्रेसर रात्रभर धडधडतो, सकाळी करड्या भुकटीचा ढीग उरतो, केसिंगवर झाकण बसते, फुटाच्या दराने हिशेब होतो आणि गाडी पुढच्या गावाला निघून जाते. मुरूम किती फुटांवर संपला, कातळ कुठे सुरू झाला, तांबडा थर कितव्या फुटाला आला, पहिला ओलावा कुठे दिसला, गॅप म्हणजे कातळातली भेग कुठे लागली, हे सारे त्या ढिगाऱ्यात असते. पहिल्या पावसात ढीग वाहून जातो आणि त्याबरोबर हे ज्ञानही. आपल्या भागातल्या छोट्या बोअर कंपन्यांची वाढ कशात मोजायची, हा प्रश्न मला इथूनच सुरू होतो असे वाटते. आज ती गाड्यांच्या संख्येत आणि बोअरच्या खोलीत मोजली जाते. माझे म्हणणे असे की अशी कंपनी खऱ्या अर्थाने वाढते ती छिद्राबरोबर त्याची नोंद देऊ लागते तेव्हा. आणि ही वाढ शक्य होण्यासाठी नोंद हा बोअरच्या बिलाचा सक्तीचा भाग झाला पाहिजे.

याला आपल्याच मुलखातला दाखला आहे. १९६०च्या दशकात आणि १९७२च्या दुष्काळाच्या आसपास मराठवाडा-नगर-सोलापूर पट्ट्यात कठीण कातळात बोअर घेणारी पथके मोजकीच होती आणि त्यातली काही मिशनऱ्यांच्या संस्थांनी उभी केली होती. जालन्यात स्कॉटिश मिशनचे पथक होते, नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात वडाळा मिशनचे काम होते, सोलापुरात ‘सोलापूर वेल सर्व्हिस’ होती. बोअर घेऊन मोकळे व्हायचे, एवढेच त्यांनी केले असते तर आज त्यांची आठवणही उरली नसती. पण बिडाचे हातपंप गावोगाव मोडून पडतात, बोअरला पाणी असूनही बाया पुन्हा ओढ्यावर जातात, हे त्यांना दिसले, कारण ते परत जाऊन पाहत होते. त्यातून आधी पोलादी ‘जालना पंप’ झाला, वडाळ्याच्या सुधारणांनंतर जालना आणि वडाळा ही दोन नावे जोडून ‘जलवाड’ झाला आणि पुढे सोलापूरचा पंप आला. त्याच सोलापूर पंपाच्या पायावर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला आणि आफ्रिकेपर्यंत पोहोचला. मूठभर माणसांच्या या पथकांची वाढ घेतलेल्या बोअरकडे परत जाण्याच्या सवयीतून झाली.

आजच्या धंद्याची रचना नेमकी ही सवय मोडणारी आहे. देशभर फिरणाऱ्या बोअर गाड्यांचे मोठे केंद्र तमिळनाडूतले तिरुचेंगोडे आहे; तिथल्या गाड्या महाराष्ट्रातही हंगामभर फिरतात आणि स्थानिक एजंट त्यांना काम मिळवून देतो. त्या कामगारांचे कौशल्य आणि कष्ट वादातीत आहेत. पण ज्याला पुन्हा या शिवारात यायचे नाही त्याला शिवार समजून घेण्याची गरजही पडत नाही. त्यावर फुटाचा दर. खोल गेले की बिल वाढते, म्हणून ‘अजून शंभर फूट पाहू’ हा सल्ला दोन्ही बाजूंना सोपा वाटतो. आपला खडक मात्र या सल्ल्याच्या बाजूने नाही. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात. ही साठवण खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्केच असते आणि बहुधा खोलीबरोबर भेगा आवळत जातात. अशा खडकात दोन शेजारच्या बांधांवर एकाला दीड इंची पाणी आणि दुसऱ्याचा बोअर कोरडा, हे नशिबाचे कोडे वाटते. पण थर आणि भेगा कुठून कुठे जातात ते कागदावर आले की त्यातला बराच भाग उलगडतो.

म्हणूनच जमिनीखालचे सर्वेक्षण आणि बोअर ही एकाच धंद्याची दोन अंगे आहेत. विद्युतरोधकता मापन, म्हणजे जमिनीत खुंट्या रोवून वीज सोडायची आणि थरांचा अंदाज घ्यायचा, हे तंत्र जुने आणि परवडणारे आहे. ‘मशीन लावूनही बोअर फेल गेला’ अशी तक्रार असते आणि ती अनेकदा खरीही असते. यंत्र दाखवते ते आकडे. त्या आकड्याचा अर्थ ओला मुरूम, चिकण माती की भेगाळ कातळ, हे शेजारच्या बोअरची नोंद असेल तरच ठरवता येते. ज्या कंपनीच्या कपाटात एकाच टापूतल्या पाचशे बोअरच्या वह्या आहेत, तिचा पाचशे एकावा अंदाज नव्या कंपनीपेक्षा सरस असणारच. हे तिचे भांडवल आहे आणि ते जुन्या यंत्रासारखे झिजत नाही.

या कामाला एक पर्यावरणाची बाजूही आहे आणि वाढीला खरा वाव तिथे आहे. कचरा डेपोखाली काय झिरपते, औद्योगिक वसाहतीच्या उताराला पाण्यात काय उतरले, पेट्रोल पंपाची भूमिगत टाकी गळते का, हे शोधायला निरीक्षण बोअर लागतात. ते घेताना ठरलेल्या खोलीवरच जाळीचा पाइप बसवावा लागतो, भोवती खडी भरावी लागते, वरचा भाग चिकणमातीने घट्ट बुजवावा लागतो आणि प्रत्येक थराचा नमुना वेगळा ठेवावा लागतो. घाईने मारलेल्या आणि केसिंगभोवतीची फट उघडी टाकलेल्या बोअरमधून वरचे सांडपाणी थेट खालच्या पाण्यात उतरते. गावाचे पाणी तपासायला घेतलेला बोअरच ते बिघडवू शकतो. हे काम फुटाच्या दरावर होत नाही. त्याला नोंदीची शिस्त असलेली कंपनी लागते.

पहिला आक्षेप खर्चाचा. ग्राहक फुटामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, तो वहीचे पैसे कशाला देईल? याचे उत्तर असे की वहीला खर्च फारसा नाहीच. दर दहा फुटांना मूठभर चुरा पिशवीत घालायचा, रंग आणि पोत लिहायचा, पाणी कुठे लागले आणि किती, ते लिहायचे, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे. कोरड्या गेलेल्या एका बोअरच्या खर्चापुढे हे नगण्य आहे. पण एकट्यादुकट्या कंपनीने ते केले तर तिचा दर थोडा चढतो आणि काम दुसऱ्याला जाते, हेही खरे. म्हणूनच नियम सर्वांना सारखा हवा. ब्रिटनमध्ये १९४५च्या जल कायद्यापासून ठरावीक खोलीपुढच्या विहिरींची नोंद भूवैज्ञानिक संस्थेला देणे बंधनकारक आहे. आज ती मर्यादा १५ मीटर आहे. तिथल्या संग्रहात दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी जमल्या आहेत, आणि रस्ता, पूल, बोगदा काहीही बांधणारा आधी त्या उघडतो. त्यामुळे तिथल्या छोट्या बोअर कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. माझ्या बोअरला किती पाणी लागले हे सरकारला कळले तर उद्या पट्टी बसेल, निर्बंध येतील, शेजारी त्याच भेगेवर बोअर घेईल. ही भीती अनाठायी म्हणून झटकता येणार नाही. त्यावर उपाय म्हणजे खडकाची नोंद आणि मालकाचे नाव वेगळे ठेवणे. थरांची माहिती गावाची, मालकी आणि उपशाची माहिती खासगी. ब्रिटनच्या कायद्यातही नोंद गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. आणि लपवून पाणी वाचत नाही, याचा पुरावा नगर तालुक्यातच आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचे ठरवले, दरवर्षी पाणी मोजून पिकांचा ताळेबंद मांडला आणि तो सर्वांसमोर मांडला. त्या गावाला टँकरमधून सोडवण्यात या उघड्या हिशेबाचाही मोठा वाटा आहे.

तिसरा आक्षेप असा की कायदे आहेतच, आणखी कशाला? आहेत, हे खरे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला बंदी घालणारा कायदा १९९३मध्ये झाला. त्याची जागा घेणारा, २००९मध्ये विधिमंडळाने संमत केलेला आणि पुढे राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आलेला भूजल कायदा ६० मीटरपुढच्या खोल विहिरींना आवर घालतो आणि बोअर यंत्रांची नोंदणी मागतो. उघड्या बोअरमध्ये मुले पडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. चालू आणि सोडून दिलेल्या बोअरची माहिती जिल्हा पातळीवर ठेवावी, असे त्यात आहे. तरीही मार्च २०२३मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत पाच वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडून दगावला. बंदी घालणारा नियम टाळण्यात ग्राहक आणि कंपनी दोघांचाही फायदा असतो, म्हणून तो कागदावर राहतो. नोंदीत मात्र दोघांचाही लाभ करता येतो. अनुदान, बँकेचे कर्ज, नवी वीजजोडणी, सरकारी कामाचे बिल, यातले काहीही बोअरच्या नोंदपत्रकाशिवाय मिळणार नाही असे ठरले, तर ग्राहक स्वतः पत्रक मागेल आणि सोडून दिलेले छिद्रही पत्रकात दिसेल.

सरकारी यंत्रणा हे काम एकटी करू शकणार नाही. १९७२च्या दुष्काळाच्या काळात उभ्या राहिलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मूळ जाळ्यात सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यातल्या बहुतेक उघड्या विहिरी आहेत. खोल बोअरमधल्या पाण्याचे चित्र त्यातून फारसे उमटत नाही. ते चित्र रोज कुठल्या ना कुठल्या शिवारात एखादी बोअर गाडी पाहत असते आणि सोडून देत असते.

भिंगारजवळच्या माळावर १४९०मध्ये निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने बहमनी फौजेला हरवले आणि नगर वसवले. पुढे निजामशाहीने कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांच्या नहरींनी शहरात पाणी आणले. ज्यांनी ते आणले त्यांना या जमिनीचा उतार हातभर चुकवूनही चालणार नव्हता. आज आपण त्याच जमिनीत शेकडो फूट खाली जातो आणि काय दिसले ते लिहूनही ठेवत नाही. सुरुवात कायद्याची वाट न पाहता होऊ शकते. या उन्हाळ्यात ज्याच्या दारात बोअरची गाडी उभी राहील, त्याने दर ठरवतानाच एक वाक्य जोडावे: शेवटचा हप्ता नोंदपत्रक हातात आल्यावर. ही अट आनंदाने मान्य करणारी छोटी कंपनी दहा वर्षांनी या टापूतली सर्वांत जाणती कंपनी असेल.