धुळाक्षरांवर हक्क कोणाचा?

जून महिना जवळ आला की नवी मुंबईत एक निराळाच बाजार भरतो. वाशी, नेरूळ, खारघरच्या चौकाचौकांत तीन वर्षांच्या मुलांसाठी उघडलेल्या शाळांचे फलक लागतात आणि त्यांतल्या अनेकांवर डॉ. मारिया माँटेसरी यांचे नाव झळकत असते. आत लाकडी अक्षरे, वाळूची तबके, खरखरीत कागदाच्या पाट्या. मूल चाचपत, खेळत अक्षर ओळखते हा त्यामागचा विचार शास्त्रशुद्ध आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्या विचाराला जी किंमत लावली गेली आहे, तिच्याबद्दल आहे.

कारण हा विचार श्रमिकांच्या वस्तीत जन्मला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री भागात माँटेसरीबाईंनी पहिले बालगृह उघडले, ते आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडणाऱ्या मुलांसाठी. खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे पाटीवर चिकटवायची, मुलाने त्यांवरून बोटे फिरवायची आणि त्याच वेळी बाईंनी उच्चार करायचा. डोळा, कान आणि बोट यांची अशी एकत्र गाठ पडली की अक्षर मनात ठसते. पेन्सिल पेलण्याचे बळ बोटांत येण्याच्या कितीतरी आधी हे घडू शकते.

महाराष्ट्राला यात अगदीच अनोळखी असे काही नव्हते. पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरे गिरवीत. मात्र त्या धुळीला हात लावण्याची मुभा कोणाला होती, हे विसरून त्या शाळेचे गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. ज्या समाजाने माणसाचा स्पर्शच विटाळ ठरवला, त्याने स्पर्शातून शिकण्याची वाटही जातीनेच अडवली. शेतकऱ्याच्या घामातून येणारा महसूल सरकार वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळते, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितले, त्याचे मर्म हेच होते.

बालशिक्षणातील ही वाट मोकळी करण्याचे श्रेय ताराबाई मोडकांचे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, दादरला १९३६ साली शिशुविहार उभारलेल्या ताराबाई १९४५ मध्ये शहर सोडून बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. माँटेसरींची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. या दोघींनी चिंचोके, शंखशिंपले, पाने, बिया आणि माती यांनाच साधने केले. दलित-आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हे काम बहरले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली.

मराठी मुलाला या पद्धतीत एक मोठी सोय आहे. तिच्याकडे आमच्या इंग्रजीवेड्या मध्यमवर्गाचे लक्ष नाही. आपल्या अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज एकच. इंग्रजी ‘सी’ला ‘सी’ म्हणायचे आणि ‘कॅट’मध्ये तिचा ‘क’ करायचा, असला घोळ येथे नाही. वाळूत बोट फिरवीत ‘म’ म्हटले की ‘मका’तला म हाती आला. व-च्या पोटात रेघ ओढली की ब होतो, हे तीन वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येणार नाही, पण रांगोळीत त्याच्याच बोटाने काढून घेता येते.

मग अडते कोठे? साधनांना खर्च जवळजवळ नाही. खर्च आहे तो माणसाचा. एवढेसे मूल हाती येईल ते तोंडात घालते. चिंचोका नाकात जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारी बाई हवी, एकेकाचे बोट धरायला तिला सवड हवी, पावसाळ्यात न गळणारी खोली हवी. नेमका येथेच शासनाचा हात आखडतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अर्धे शतक उलटले तरी अंगणवाडी सेविकेच्या पदरी वेतन नाही, मानधनच आहे. तिलाही ग्रॅच्युइटी लागू होते हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका बेमुदत संपावर गेल्या आणि जानेवारी उजाडला तरी त्या रस्त्यावरच होत्या. आहारवाटप, वजने, लसीकरणाच्या याद्या, मोबाईलवर माहिती भरणे हे सारे उरकून उरलेल्या वेळात तिने खेळातून अक्षरे शिकवावीत, अशी २०२० च्या शैक्षणिक धोरणाची अपेक्षा! २००९ चा शिक्षणहक्क कायदा तर सहाव्या वर्षापासूनच हक्क देतो. त्याखालचे मूल कृपेवर.

नवी मुंबईतल्या काही मुलांच्या वाट्याला ही कृपाही येत नाही. उलवे, तळोजा, खारघर येथे मनोरे उभारणाऱ्या मजूर स्त्रियांची मुले खडी आणि सिमेंटच्या ढिगाऱ्यांत वाढतात. काम संपले की बिऱ्हाड हलते. त्यांना अंगणच नाही, मग अंगणवाडी कोठली? मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच पाळणाघर काढून यावर उपाय दाखवला होता. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने तर तो बंधनकारकच केला: पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली आणि मुलांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेली बाई हवी, असे त्या कायद्यात होते. हजेरीपट चार ठेकेदारांत वाटून पन्नासचा आकडा भरूच न देणे मुकादमाला मुळीच अवघड नव्हते.

नाक्यावरील कामगारांच्या नोंदणीसाठी आमचे साथी या बांधकामांवर जातातच. त्यांनी या खेपेस तीन गोष्टी वहीत टिपून आणाव्यात: सर्व ठेकेदार मिळून कामावर स्त्रिया किती, सहा वर्षांखालील मुले किती, आणि त्यांची खोली कोठे आहे. ही यादी हाती घेऊन, बायांना पुढे करून, कामगार आयुक्तालयाच्या दारात उभे राहता येईल. अंगणवाडी सेविकांच्या वेतनाची मागणी त्याच निवेदनात असावी.